टांगत्या तलवारीखालचं जेवण

इथलं इंग्रजी वर्तमानपत्र नेमानं वाचणाऱ्याला 'सोर्ड ऑफ डॅमोक्लिस' महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी भेटतेच. कधी ती कोर्टातल्या दाव्याच्या रूपानं एखाद्या कंपनीच्या डोक्यावर लोंबत असते, कधी सरकारी कर्जमर्यादेच्या रूपानं साऱ्या वॉशिंग्टनच्या. अर्थ विचाराल तर कुणीही सांगेल: डोक्यावर सतत असलेलं, केव्हाही कोसळेल असं संकट. आपल्या मराठी वर्तमानपत्रांतही 'टांगती तलवार' चांगली रुळली आहे. बदल्यांची टांगती तलवार, पाणीकपातीची टांगती तलवार, निवडणुकीनंतर अपात्रतेची टांगती तलवार. डॅमोक्लिसचं नाव त्यात कुठं नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. पण मूळ गोष्टीत तलवारीखाली एक भरलेलं ताट होतं. ते इंग्रजीतही हरवलं आणि मराठीतही. माझ्या मते या वाक्प्रचाराचा निम्मा अर्थ त्या ताटात आहे, आणि घर सोडून इतक्या दूर येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांना तर तो अर्धा भागच जास्त लागू पडतो. तेव्हा ती गोष्ट आज जरा सावकाश पाहू या.

ती आपल्यापर्यंत आली सिसेरोमुळे. हा रोमचा नामांकित वक्ता आणि वकील. इसवी सनापूर्वी ४५ साली त्याची लाडकी मुलगी तुलिया बाळंतपणानंतर वारली. राजकारणातही त्याला करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, कारण रोमची सगळी सूत्रं एकट्या ज्यूलियस सीझरच्या हाती गेली होती. दुःखावर उतारा म्हणून सिसेरो तत्त्वज्ञान लिहीत बसला. त्या काळात लिहिलेल्या एका पुस्तकाला टस्क्युलम गावच्या त्याच्या घरावरून नाव पडलं आहे. त्याच्या पाचव्या भागात प्रश्न असा आहे की सुखी व्हायला सद्गुण पुरेसा आहे, की वर पैसा, सत्ता, नशीब हेही लागतं? सिसेरोचं मत पहिल्या बाजूचं. ते पटवून देण्यासाठी तो उलट टोकाचा माणूस आपल्यापुढं उभा करतो: जवळ सगळं आहे, फक्त सुख नाही. तो माणूस म्हणजे सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहराचा हुकूमशहा डायोनिसियस. (न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला नाव मिळालं ते याच गावाचं.)

डायोनिसियसनं वयाच्या २५व्या वर्षी सत्ता बळकावली आणि ३८ वर्षं ती टिकवली. पण कशी टिकवली! सिसेरोनं केलेलं वर्णन वाचून हसावं की कीव करावी तेच कळत नाही. न्हाव्यापुढं गळा धरायची राजाला भीती, म्हणून त्यानं दाढी करायला स्वतःच्या मुलींना शिकवलं. मुली मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्याही हातातला वस्तरा काढून घेतला, आणि तापवलेल्या अक्रोडाच्या कवचांनी दाढीचे केस जाळून घेऊ लागला. दोन बायका होत्या. त्यांच्याकडे रात्री जायचं तर आधी झडती. पलंगाभोवती रुंद चर खणलेला, त्यावर लहानसा लाकडी पूल, आणि दार लावलं की तो पूल राजा स्वतःच्या हातानं ओढून घेई. लोकांपुढं बोलायचं तर उंच बुरुजावर चढून. एकदा चेंडू खेळायला निघताना त्यानं अंगरखा आणि तलवार एका आवडत्या तरुणाकडे सांभाळायला दिली. एक मित्र थट्टेनं म्हणाला, की याच्यावर मात्र तुम्ही जीव सोपवलात हं! तो तरुण हसला. डायोनिसियसनं दोघांनाही मारून टाकलं. एकानं मारायची वाट दाखवली म्हणून, आणि दुसऱ्यानं हसून तिला मान्यता दिली म्हणून. त्या तरुणाचं दुःख मात्र त्याला जन्मभर पुरलं.

अशा राजाच्या दरबारात डॅमोक्लिस नावाचा एक खुशमस्कऱ्या होता. महाराजांची फौज, महाराजांचा खजिना, महाराजांचे वाडे, महाराजांइतका सुखी माणूस पृथ्वीवर झाला नाही, असं त्याचं पालुपद. एक दिवस राजा म्हणाला, एवढं आवडतं तर माझं नशीब एकदा तूच चाखून बघ. डॅमोक्लिस आनंदानं तयार झाला. त्याला सोन्याच्या मंचकावर बसवलं, खाली उंची विणकामाचं वस्त्र अंथरलं. मेजांवर कोरीव कामाची सोन्यारुप्याची भांडी मांडली. वाढायला देखणे मुलगे निवडून उभे केले, नजर उचलली की धावणारे. अत्तरं, फुलांचे हार, धूप, आणि पुढ्यात नाना पक्वान्नं. डॅमोक्लिसला स्वर्ग दोन बोटं उरला. एवढ्यात राजाच्या हुकमावरून छतातून एक लखलखीत तलवार खाली सोडण्यात आली. ती घोड्याच्या एका केसाला बांधलेली होती आणि नेमकी त्याच्या मानेवर येऊन थांबली. झालं! मग त्याला ते देखणे मुलगे दिसेनात, भांड्यांवरची नक्षी दिसेना, ताटाकडे हात जाईना. गळ्यातले हार ओघळायला लागले. शेवटी त्यानं राजाला विनवलं, मला जाऊ द्या, मला नको हे भाग्य.

गोष्ट एवढीच. तलवार पडली नाही, कुणाला ओरखडाही उठला नाही. जेवण तेवढं राहिलं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. डॅमोक्लिस त्या मंचकावर घटकाभराचा पाहुणा होता. मंचक डायोनिसियसचा आणि तलवारही त्याच्याच नशिबातली. सिसेरोला सांगायचं होतं ते राजाबद्दल: ज्याच्या डोक्यावर कायमचं भय आहे त्याच्या ताटातल्या कशालाच चव नसते. पुढं तो आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. डॅमोक्लिस उठून जाऊ शकला, डायोनिसियसला ती सोय नव्हती. तरुणपणी केलेल्या अपराधांत तो इतका गुंतला होता, की शहाणपणानं वागायला सुरुवात केली असती तर जीवच वाचला नसता. सिसेरोनं हे पुस्तक अर्पण केलं होतं ब्रूटसला. पुढच्याच वर्षी, इसवी सनापूर्वी ४४च्या मार्चमध्ये, सीझरवर खंजीर चालवणाऱ्यांत हा ब्रूटस होता. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध जोडण्याचं धाडस मी करणार नाही. पण सीझर हयात असताना हुकूमशहाच्या मानेवरच्या तलवारीची गोष्ट लिहिणं ही काही निव्वळ करमणूक नव्हती.

पुढं ही तलवार पुष्कळ हिंडली. होरेस या लॅटिन कवीनं ती पापी माणसाच्या मानेवर टांगली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर यानं युद्धदेवाच्या मंदिराचं वर्णन करताना खुद्द 'विजय' सिंहासनावर बसवला आणि त्याच्या डोक्यावर ती बारीक दोऱ्यानं लोंबत ठेवली. १८१२ साली रिचर्ड वेस्टॉल या इंग्रज चित्रकारानं हा प्रसंग रंगवला. ते चित्र सध्या नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलच्या ॲक्लंड संग्रहालयात आहे. त्या बाजूला राहणाऱ्यांनी जरूर पाहावं. त्यात वाढायला मुलांच्या जागी सुंदर तरुणी आहेत, कारण ज्या धनिकासाठी चित्र काढलं त्याची आवड तशी. इतका वेळपर्यंत तलवार होती राजाच्या, पाप्याच्या, विजेत्याच्या डोक्यावर, म्हणजे कुणातरी मोठ्याच्या. तुमच्याआमच्या डोक्यावर ती आली हे एका अर्थी लोकशाहीचंच लक्षण म्हणायला हवं!

सगळ्यांच्या डोक्यावर ती एकदम टांगली प्रेसिडेंट केनेडींनी. २५ सप्टेंबर १९६१ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत ते बोलले. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहायला लागली होती, आणि राष्ट्रसंघाचे सरचिटणीस हॅमरशोल्ड आठवड्यापूर्वीच विमान अपघातात गेले होते. केनेडी म्हणाले ते साधारण असं: आज पृथ्वीवरचा प्रत्येक पुरुष, स्त्री आणि मूल अणुबाँबच्या तलवारीखाली राहतं आहे, आणि तिचा अत्यंत नाजूक धागा अपघातानं, हिशोब चुकल्यानं किंवा वेडापायी केव्हाही तुटू शकतो. वर्षभरात, १९६२च्या ऑक्टोबरात, क्यूबाच्या प्रकरणात तो धागा ताणला गेलेला जगानं पाहिला. या वापरात ताट नाही, राजाही नाही. संकट तेवढं आहे. आज इंग्रजीत रूढ आहे तो अर्थ हाच.

पण मला विचाराल तर या वाक्प्रचाराचा आतला अर्थ आपल्या काळात कुणाला पुरता कळला असेल तर तो थरगुड मार्शल यांना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले हे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. १९७४ साली त्यांच्यापुढं 'आर्नेट विरुद्ध केनेडी' हा खटला आला. (हा केनेडी शिकागोतला एक सरकारी कर्मचारी, प्रेसिडेंटांशी त्याचा संबंध नाही.) वरिष्ठांवर त्यानं जाहीर आरोप केले, म्हणून त्याला नोकरीवरून काढलं होतं. 'कामकाजाच्या कार्यक्षमतेसाठी' आवश्यक वाटल्यास कर्मचाऱ्याला काढता येईल, असं तो कायदा मोघमपणे म्हणत होता. बहुमतानं कायदा उचलून धरला. मार्शल यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: डॅमोक्लिसच्या तलवारीचा उपयोग ती पडण्यात नसतो, लटकत राहण्यात असतो. कायद्याची हद्द कुठवर आहे हे नोकरी पणाला लावून बघणारा एखादाच. बाकीचे पुष्कळजण जपून वागायचं ठरवतात आणि तोंडच उघडत नाहीत.

किती बारकाईनं पाहिलं आहे! आपण तलवारीकडे संकट म्हणून बघत राहतो, मार्शल ती टांगणाऱ्याच्या हाताकडे बघतात. डायोनिसियसला डॅमोक्लिसला मारायचं नव्हतंच. त्याची बडबड थांबली, काम झालं.

या अर्थाच्या जवळपासचे इतर वाक्प्रचार पाहिले तर तलवारीचं वेगळेपण आणखी कळतं. इंग्रजीत दाराशी आलेला लांडगा म्हणजे उपासमार. भीतीच ती, पण तिथं ताट रिकामंच आहे. 'दुसरा बूट पडायची वाट बघणं' हा खास इकडचा. त्यामागं गोष्ट सांगतात ती अशी: वरच्या मजल्यावरचा भाडेकरू रात्री एक बूट धाडकन टाकतो, मग खालच्याची झोप मोडेल म्हणून दुसरा अलगद ठेवतो, आणि खालचा बिचारा दुसऱ्या आवाजाची वाट बघत रात्रभर जागा. इथं एक आघात होऊन गेलेला असतो आणि दुसरा येणार हे जवळजवळ नक्की असतं. तलवारीच्या बाबतीत अजून काहीच झालेलं नसतं, कदाचित कधी होणारही नाही.

मराठीत आपला 'जीव टांगणीला लागतो'. गंमत बघा, त्यांच्याकडे तलवार टांगलेली, आपल्याकडे जीवच टांगलेला! इंग्रजीत याला चपखल शब्द हवा असेल तर तो 'ऑन टेंटरहुक्स'. लोकरीचं ओलं कापड ताणून वाळवायच्या चौकटीला आकडे असत, ते टेंटरहुक. मुलाचा निकाल लागेपर्यंत, ऑपरेशन थिएटरचा दिवा विझेपर्यंत आपला जीव टांगणीला असतो, मग सुटतो. तलवारीला असा शेवट ठरलेला नसतो. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण तर तलवारीच्या अगदी उलट. तिथं राक्षस नसतोच, भिणाऱ्याच्या मनात असतो. डॅमोक्लिसच्या डोक्यावरची तलवार खरी पोलादी होती. दोन्हींत केस आला म्हणून 'केसानं गळा कापणं' मात्र इथं आणू नये. तो विश्वासघात, त्याचा या केसाशी काही संबंध नाही. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत एका चुणचुणीत मुलीनं नेमकी हीच सांगड घातली होती, आणि तिला समजावताना अर्धा तास गेला.

डॅमोक्लिसच्या जोडीला आपल्याकडची गोष्ट शोधायची तर मला एकनाथांची आठवते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत आठव्या अध्यायाच्या वेळी ती येते. एका गृहस्थानं नाथांना विचारलं, तुमचं आयुष्य इतकं साधं आणि निष्पाप, आमचं तसं का नाही? नाथ म्हणाले, माझं राहू दे, तुझं मरण सात दिवसांवर आलं आहे. गृहस्थ घरी गेला, आवराआवर केली, सगळ्यांची क्षमा मागितली, अंथरूण धरलं. सातव्या दिवशी नाथांनी येऊन विचारलं, या सात दिवसांत पापाचे विचार किती आले? तो म्हणाला, मरण समोर उभं असताना पाप आठवायला सवड कुठली? नाथ म्हणाले, आम्हाला ते रोजच दिसतं.

युक्ती एकच, डोक्यावर मरण टांगायची. डॅमोक्लिसची भूक मेली, या गृहस्थाचं मन स्वच्छ झालं. हा फरक कशामुळे? एकाला ग्रीक आणि दुसऱ्याला वारकरी म्हणून मोकळं होता येईल, पण मला वाटतं कारण साधं आहे. नाथांनी मुदत सांगितली होती, सात दिवस. मुदत कळली की माणूस आवराआवर करतो, निरोप घेतो. केस केव्हा तुटेल हे मात्र कुणीच सांगत नाही, आणि त्यामुळे माणसाला ना जेवता येतं ना उठता येतं.

आता आपल्याकडे वळतो. आम्ही जुनी मंडळी आलो तेव्हा ग्रीन कार्डासाठी इतकं ताटकळावं लागत नसे. आजच्या तरुणांचं तसं नाही. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक जायची नाहीत, असं १९९०चा कायदा सांगतो. भारतातून आलेल्यांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षं लांबत गेली आहे. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर जानेवारी २०१७पासून लागू झालेल्या नियमानं त्याला फार तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी, दुसरा व्हिसा, नाहीतर बोजाबिस्तरा. आईबापांच्या व्हिसावर लहानपणी आलेलं मूल २१ वर्षांचं झालं की, काही सवलती सोडल्या तर, त्या व्हिसातून बाहेर पडतं. १९ सप्टेंबर २०२५ला नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर्स आकारण्याचा फतवा निघाला. तो जुन्या व्हिसाधारकांना लागू नाही, असा खुलासा सरकारनं दुसऱ्या दिवशी केला. पण मधल्या काही तासांत सुटीवर गेलेल्या कितीतरी जणांनी मिळेल त्या भावानं तिकिटं काढली. तलवार त्यांच्यावर पडली नव्हती, जरा हललेली दिसली होती.

आणि ताटही खरंच आहे. चार बेडरूमचं घर, दारात दोन गाड्या, मुलांची उत्तम शाळा, मंडळाच्या गणपतीला रेशमी कुडते. भारतातून पाहुणे येतात, घर फिरून बघतात आणि म्हणतात, "तुमची काय बुवा, मजा आहे!" डॅमोक्लिस डायोनिसियसला हेच म्हणत होता. तेव्हा वर बोट दाखवावं अशी कुणाला इच्छा होत नाही. पाहुण्यांच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

मार्शल म्हणाले ते इथं अक्षरशः दिसतं. आमच्या ओळखीचा एक हुशार इंजिनियर, लग्न झालेला, दोन मुलं. ऑफिसात त्याच्या कामाचं श्रेय सलग तीन वर्षं दुसऱ्यानं घेतलं. हा बोलला नाही. बढती हुकली, हा बोलला नाही. बढतीबरोबर कामाचं स्वरूप बदललं तर ग्रीन कार्डाची कागदपत्रं कदाचित पहिल्यापासून करावी लागतील, म्हणून ती हुकली याचं त्याला थोडं बरंच वाटलं! त्याला कुणी कधी धमकी दिलेली नाही. साहेब तर नाताळात घरी जेवायला बोलावतो.

परत का जात नाही, असं मी त्याला एकदा विचारलं. डॅमोक्लिसनं परवानगी मागितली आणि ती त्याला मिळाली; यालाही कुणी अडवलेलं नाही. तो म्हणाला, "काका, मोठीचं दहावीचं वर्ष आहे. तिला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. घराचे हप्ते आहेत. आणि खरं सांगू का, मला इथलं काम आवडतं हो." डायोनिसियसला उठता आलं नाही ते त्याच्या पापांमुळे, या मुलानं कुणाचं काहीच वाकडं केलेलं नाही, तरी तो त्याच मंचकावर आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले. दर रविवारी तो नाशिकला आईला फोन करतो. त्या रविवारी न राहवून त्यानं तिला सांगून टाकलं, डोक्यावर टांगती तलवार आहे म्हणून. तिकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग आई म्हणाली, "जेवतोस ना रे वेळेवर?"